गोल तोरण

समोरच्या दाराला कान आहेत, असं आई म्हणायची. नागोयातल्या आमच्या त्या चारमजली इमारतीत एका जिन्याला आठ घरं होती, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन. दारं लोखंडी, फिकट हिरव्या रंगाची, आणि मध्ये जेमतेम तीन पावलांची जागा. दार बंद झालं की त्याचा आवाज चारही मजल्यांवर फिरून परत आपल्याच कानाशी यायचा. त्यामुळे कोण कधी बाहेर पडलं, कोण कधी आलं, कुणाकडे पाहुणा आला, हे घरात बसून कळायचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि आमच्या समोर नोमुराबाई, तिथल्या रीतीने नोमुरा-सान, राहायच्या, सत्तरीकडे झुकलेल्या, बुटक्या, नेहमी राखाडी स्वेटर घातलेल्या. त्यांच्या दारात टपालासाठी एक आडवी फट होती. आम्ही जिन्यात पाऊल ठेवलं की त्या फटीचं झाकण किंचित हलतं, असं आईला वाटायचं. एकदा वाटलं की मग ते हलतंच.

संशयाला कारणं नव्हती असं नाही. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या महिन्यात आमची कचऱ्याची पिशवी दोनदा परत आमच्या दाराशी येऊन बसली होती, वर चिकटवलेल्या चिठ्ठीसकट. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, काचा, डबे, प्रत्येकाचा वार वेगळा. आईने न जळणाऱ्याच्या दिवशी कांद्याची सालं ठेवली होती. चिठ्ठीवरचं अक्षर फार सुंदर होतं, म्हणून आईला ते जास्तच लागलं. "एवढ्या सुबक अक्षरात कुणी कुणाला टोचून बोलतं का गं?" ती म्हणाली होती. त्या पिशव्या कोण परत आणून ठेवत होतं हे मला आजही माहीत नाही. पण त्या वेळी आमच्या घरात ते नोमुरा-सानच्या नावावर जमा झालं आणि मग पुढचं सगळं त्याच नावावर जमा होत गेलं. आई फोडणी देताना खिडकी लावून घ्यायची, पंखा सोडायची आणि तरी म्हणायची, "आता बघ, समोरची खिडकी लागेल." आणि समोरची खिडकी लागायची. आमच्या मोहरीमुळे लागायची, की संध्याकाळ झाली म्हणून, हे तपासून पाहावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही.

बाबा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते आणि पुण्याहून तीन वर्षांसाठी तिथे पाठवले गेले होते. ते सकाळी सव्वासहाला बाहेर पडायचे आणि जेवायच्या वेळेला परतायचे. मी जपानी शाळेत जायचे. वर्षभरात माझी भाषा अशी झाली होती की मी झोपेत जपानी बडबडते, असं आई सांगायची. राहिली आई. आई पुण्यात एका शाळेत इंग्रजी शिकवायची, नोकरी सोडून आली होती. पहिलं वर्ष तिने कसं काढलं हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. मी शाळेतून यायचे तेव्हा ती बहुतेक वेळा अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. "डोकं दुखतंय," म्हणायची. रविवारी पुण्याला फोन लागला की नुसती ऐकत राहायची आणि फोन ठेवल्यावर बाबांना म्हणायची, "अहो, मी आणि केतकी परत जाऊ का?"  ते उठून चहा टाकायचे.

तिला उठवलं ते पहिल्या मजल्यावरच्या ओकादा-सानने. त्या वर्षी आमच्या जिन्याची पाळी त्यांच्याकडे होती, म्हणजे दिव्यांचे बल्ब बदलणं, सूचना फिरवणं, तक्रारी ऐकणं हे त्यांचं काम. त्यांना सात वर्षांची मुलगी होती. एक दिवस त्या संत्र्यांची पिशवी घेऊन वर आल्या आणि मला मध्ये बसवून त्यांनी आईला विचारलं, की तुम्ही आमच्या मुलांना इंग्रजी शिकवाल का. बुधवार आणि शनिवार, आमच्याच घरी, सहा मुलं. आई "नाही, नाही" म्हणत असतानाच केस नीट करायला लागली होती. आठवड्याभरात आमच्या बैठकीच्या खोलीत बुटकं टेबल मधोमध आलं, भिंतीवर वाढदिवसाच्या कार्डांतून कापलेली चित्रं लागली आणि दोन डबे सतत भरलेले राहायला लागले, एक शंकरपाळ्यांचा आणि एक कुरमुऱ्यांच्या चिवड्याचा. मुलं चपला दाराशी ओळीत काढून एका सुरात "हॅलो टीचर" म्हणायची आणि माझी आई, जी वर्षभर कुजबुजत बोलत होती, ती पुण्याच्या वर्गातल्या खणखणीत आवाजात "सिट डाऊन" म्हणायची. तो आवाज ऐकून मी शेजारच्या खोलीत गृहपाठ सोडून हसत बसायचे. समोरच्यांना मात्र तो आवाज खपणार नाही, अशी आईची खात्री होती. "बघच तू. एक दिवस ही बाई वर्ग बंद करायला लावणार."

ऑक्टोबरात ओकादा-सान पुन्हा आल्या. या खेपेला त्यांच्या हातात एका मासिकातलं पान होतं. मुलांसाठी हॅलोविन करायचं का, त्यांनी विचारलं. सगळ्या आयांची तशी इच्छा होती. आज तिकडे त्या दिवशी रस्ते माणसांनी ओसंडून वाहतात म्हणे, पण नव्वदच्या दशकातल्या आमच्या त्या वस्तीत हा सण कुणी पाहिलेला नव्हता. आम्ही तरी कुठे पाहिला होता? पण इंग्रजी शिकवणारी परदेशी बाई म्हणजे तिच्या घरी हॅलोविन असणारच, असं त्यांनी धरून चाललं होतं. मी आईला मराठीत म्हटलं, "सांगू का, आपल्यात नसतं म्हणून?" आई पटकन म्हणाली, "अजिबात नको. सांग, करू या." मासिकातल्या त्या पानावर एका लाकडी दाराचा फोटो होता, दारावर वेलीचं मोठं गोल कडं, त्यात नारिंगी पानं-फळं आणि काळ्या फिती. आईने तो फोटो दिव्याखाली धरून बारकाईने पाहिला आणि म्हणाली, "यात काय आहे? तोरणाची दोन टोकं एकमेकांना बांधली की झालं."

पुढचा आठवडा मला तिथल्या सगळ्या दिवसांमध्ये सर्वांत लख्ख आठवतो. आम्ही दोघी नदीच्या बांधावर गेलो आणि कुंपणांवर माजलेले रानवेल कापून आणले. आई साडीचा पदर खोचून, वर बाबांचा जुना कोट चढवून, वेल ओढत होती आणि सायकलवरून जाणारे लोक मान वळवून पाहत होते. वेल भिजवून पिळून गोल करायचा, तारेने आवळायचा. नारिंगी काय लावायचं? फुलवाल्याकडे सुकवलेली होझुकी मिळाली, पातळ कागदी कंदिलात बंद केल्यासारखी दिसणारी नारिंगी फळं. आपली रसभरी असते ना, तशीच, पण रंग दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा. आणि काळी फीत? दुकानातली फीत आईला महाग वाटली. तिने ट्रंक उघडली, एका काळ्या साडीचा नवाकोरा फॉल काढला, त्याला इस्त्री केली आणि त्याचे सहा मोठाले फुगे बांधले. कडं तयार झालं तेव्हा ते खरंच देखणं होतं.

बाबांनी पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "दारावर काळं?"

"काळी बाहुली टांगतोच की आपण," आई म्हणाली. "नजर लागू नये म्हणून. इथे तर नजरा काय कमी आहेत?" आणि तिने समोरच्या भिंतीकडे भुवई उडवली.

दसऱ्याचं झेंडूचं तोरण अजून चौकटीवर वाळत होतं. त्याच्या खाली, लोखंडी दारावर चुंबकाचा हूक लावून आईने ते कडं टांगलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली, ओळखीची, सावकाश. नोमुरा-सान रोज दहाला बाहेर पडायच्या आणि चारला परतायच्या, हातात कापडात बांधलेलं एक बोचकं. या वयात कुठे जातात, बोचक्यात काय असतं, यावर आईचे बरेच तर्क होते. नोमुरा-सानचे यजमानही बरेच आठवडे दिसले नव्हते. "भांडून गेले असतील," आई म्हणाली होती. मी दाराच्या काचेच्या भोकाला डोळा लावला. नोमुरा-सान आमच्या दारासमोर उभ्या होत्या. किल्ली हातात होती, पण त्या आपल्या दाराकडे वळल्या नव्हत्या. त्या कड्याकडे पाहत होत्या. मी शंभरपर्यंत आकडे मोजले असतील. मग त्यांनी हात पुढे केला, तो भोकातून मला प्रचंड मोठा दिसला, आणि मग मागे घेतला. मी आत जाऊन आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "हात लावला?" "लावणार होत्या." "बघितलंस!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर दारावर नुसता हूक.

आईने आरडाओरडा केला नाही. ती दारात उभी राहून समोरच्या दाराकडे पाहत राहिली आणि मग आत येऊन उरलेला वेल भिजत घातला. नोमुरा-सान भल्या पहाटे कचरा टाकायला खाली उतरतात हे आम्हाला माहीत होतं. दुसरं कोण असणार? संध्याकाळी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वाऱ्याने पडलं असेल." जिन्यात कसला वारा? आई नुसती हसली. दुसरं कडं दोन दिवसांत झालं आणि एका रात्रीपुरतं टिकलं. सकाळी पुन्हा हूक. आता आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी शाळेतून आले की आई मला दिवसभराचा अहवाल द्यायची: समोरचं दार किती वेळा उघडलं, फट हलली का, ओकादा-सान वर आल्या होत्या त्या समोरच्यांशी काय बोलल्या. तिला जपानी येत नव्हतं, म्हणून तिने मला त्यांचे नुसते स्वर करून दाखवले. "हळू बोलत होत्या. दोघी आपल्या दाराकडे बघत होत्या. केतकी, या वर्ग बंद करणार." तिचा चेहरा पुन्हा पहिल्या वर्षासारखा व्हायला लागला होता आणि मला त्याचीच भीती वाटली. आपली आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि ते त्या राखाडी स्वेटरवालीमुळे.

गुरुवारी मी शाळेतून येत असताना नोमुरा-सान जिन्यात माझ्या पुढेच होत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या. मी म्हणाले, "आमच्या दारावरचं तुम्ही काढलंत. दोनदा. चोरी आहे ही." जपानीत मोठ्यांशी बोलायची भाषा वेगळी असते, क्रियापदंसुद्धा वेगळी. मला ती येत होती. मी मुद्दाम वर्गातल्या मुलांशी भांडताना वापरतात ती वापरली. मी तेरा वर्षांची होते. नोमुरा-सानचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्यांनी ते बोचकं पायरीवर ठेवलं, दोन्ही हात मांड्यांवर टेकवले आणि मला, एका शाळकरी पोरीला, कमरेत वाकून म्हणाल्या, "माफ करा. खरंच माफ करा."

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. "आई, कबूल झाल्या!"

त्या रात्री जेवताना आईने तो प्रसंग माझ्याकडून दोनदा सांगून घेतला. बटाट्याची भाजी होती, मुळ्याची कोशिंबीर होती. बाबा मान खाली घालून जेवत होते. "माफी मागितली? काय म्हणून मागितली?" त्यांनी विचारलं.

"काढलं म्हणून," मी म्हणाले. "नाहीतर कशाला मागतील?"

"इथे लोक कशासाठीही माफी मागतात," बाबा म्हणाले. मग त्यांनी भात घेतला, ताक घेतलं आणि भात कालवायला लागले. आज मागे वळून पाहताना मला त्यांचा तो भात कालवणारा हात दिसतो. ताक कधीच मुरलं होतं आणि हात कालवतच होता.

दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली होती. आत भारी कागदात गुंडाळलेला मिठाईचा खोका आणि त्यावर नोमुरा-सानचं नाव. आईने तो दोन बोटांनी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. "उघडू नकोस. काय घातलंय कुणास ठाऊक." ती विष म्हणत नव्हती, अंडं किंवा चरबी म्हणत होती, पण म्हणण्याची तऱ्हा विषाचीच होती. मग तिसरं कडं दारावर लागलं. आणि ते राहिलं. शनिवारी मुलांचा कार्यक्रम झाला, कागदी मुखवटे घालून सहा मुलं जिन्यात वरखाली पळाली, दार ठोठावून एका सुरात ओरडली आणि आईने त्यांच्या ओंजळी शंकरपाळ्यांनी भरल्या. कडं जागच्या जागी होतं. रविवारी होतं, सोमवारी होतं. "बघ," आई म्हणाली, "पकडल्यावर थांबली." माझी पूर्ण खात्री पटली. संशयाला असा पुरावा मिळाला की तो किती सुखाचा वाटतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मंगळवारी दुपारी जिन्यात बऱ्याच माणसांची पावलं वाजली. आईने दार उघडलं, मी तिच्या मागे उभी राहिले. काळ्या सुटातली चार माणसं पांढऱ्या चादरीखाली काहीतरी जिन्याच्या वळणातून तिरपं करून वर आणत होती. जागा कमी, त्यामुळे ती आमच्या दाराला जवळजवळ टेकूनच वळली. त्यांच्या मागे नोमुरा-सान होत्या आणि त्यांच्यामागे ओकादा-सान. नोमुरा-सानचे यजमान भांडून गेलेले नव्हते. ते दोन महिने रुग्णालयात होते, आणि त्या रोज दहाला त्यांचे धुतलेले कपडे घेऊन जायच्या आणि मळलेले घेऊन यायच्या. आता ते घरी आले होते. आमच्या अर्धवट उघड्या दारावर काळे सहा फुगे डोलत होते. चादरीचा कोपरा एका होझुकीला घासला आणि ते कोरडं फळ चुरचुरलं.  नोमुरा-सान मान लववून आत गेल्या.

थोड्या वेळाने त्यांच्या दारावर काळ्या चौकटीचा एक कागद चिकटवला गेला. घरात मृत्यू झाला की लावतात तो. ओकादा-सान जाता जाता आमच्यापाशी थांबल्या. त्या रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, की दारावर काळं म्हणजे इथे काय असतं, आणि ही फळं ऑगस्टमध्ये लावतात, मेलेल्या माणसांना घरी यायची वाट दिसावी म्हणून. गेल्या दहा-बारा दिवसांत, कडं दारावर असेल त्या प्रत्येक दिवशी, नोमुरा-सान रुग्णालयातून येऊन हे पाहत होत्या. मी ते आईला मराठीत सांगितलं.  आईने ऐकलं आणि हात वर करून कडं उतरवलं, दसऱ्याचं तोरणही उतरवलं. "हे घेऊन जा. घरात नको. कुठेतरी ठेव," ती म्हणाली.

कचऱ्यात टाकता येईना. वेल जळणाऱ्यात, तार न जळणाऱ्यात, आणि आज दोन्हींचा वार नाही. मी गाडीची किल्ली घेतली. आमची एक जुनी छोटी गाडी होती, रविवारीच बाहेर निघायची. खाली जाऊन मी डिकी उघडली. आत बाबांची छत्री होती, पान्यांची पेटी होती आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले दोन मोठे गोल होते. कागदाच्या कडेतून काळा फॉल डोकावत होता.

बाबा येईपर्यंत मी सायकलींच्या शेडमध्ये बसून राहिले. थंडी वाजत होती. ते आले, त्यांनी मला पाहिलं, उघडी डिकी पाहिली. त्यांनी काही लपवायचा प्रयत्न केला नाही. ओकादा-सान त्यांना एका सकाळी इथेच भेटल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या दारावरची सजावट फार सुंदर आहे, लांबूनही लक्ष जातं. मग म्हणाल्या, नोमुरा-सानचे यजमान आता फार दिवस काढतील असं वाटत नाही. एवढंच. काढा, असं त्या म्हणाल्या नाहीत. बाबा जपानी साहेबांच्या हाताखाली दीड वर्ष काढलेले, त्यांना कळलं.

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तिने वर्ग बंद करून टाकला असता," ते म्हणाले. "पुन्हा झोपून राहिली असती. केतकी, किती दिवसांनी ती हसत होती. मला वाटलं, दोन कडी गेली तर कंटाळून सोडून देईल. टाकवतही नव्हती, एवढं छान केलं होतं तिने. आणि तिसरं काढलं असतं तर पुन्हा त्यांच्यावरच आळ आला असता."

"मी त्यांना चोर म्हणाले. मी ते जेवताना सांगितलं. तुम्ही तिथे होतात."

"हो," बाबा म्हणाले. "होतो."

आणखी काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले.  त्यांनी माझ्या हातातलं तिसरं कडं घेतलं, त्या दोन्हींवर ठेवलं आणि डिकी लावली.

आईला त्यांनी स्वतः सांगितलं, वर गेल्या गेल्या, बूट काढायच्या आधी. मला वाटलं आता भांडण होणार. आईने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा खोका काढला, कागद फाडला आणि आतली एक मिठाई तिथेच उभ्याने खाल्ली. आत गोड चवळीसारखं सारण होतं. अंडं नव्हतं, चरबी नव्हती. "चांगली आहे," ती म्हणाली आणि तिने तोंडावर पदर धरला. वर्ग बंद झाला नाही, हेही सांगायला हवं. बुधवारी तिने मुलांना नेहमीसारखं "सिट डाऊन" म्हटलं, फक्त हळू. ओकादा-सानची मुलगी नेहमीसारखी पहिली आली.

सगळे विधी आटोपल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, आम्ही दोघी समोर गेलो. समोरचं घर आतून हुबेहूब आमचंच होतं, फक्त उलट, आरशात पाहिल्यासारखं. कोपऱ्यात यजमानांचा फोटो, समोर उदबत्ती, भाताची छोटी वाटी. आईने हात जोडले. मग नोमुरा-सानने चहा दिला आणि आई मराठीत बोलली आणि मी ते जपानीत सांगत गेले, या खेपेला मोठ्यांशी बोलायच्या भाषेत. की आम्हाला माहीत नव्हतं. की आम्ही तुमच्यावर संशय घेतला. की माझ्या मुलीने जे शब्द वापरले ते तिच्या आईच्या घरातले होते. हे शेवटचं सांगताना मी अडखळले. आई म्हणाली, "सांग. तसंच सांग."

नोमुरा-सानने पेला खाली ठेवला. "मी दोनदा हात लावला होता," त्या म्हणाल्या. "उतरवून फेकून द्यावंसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते कुणीतरी आधीच काढलेलं, आणि मला इतकं बरं वाटलं. म्हणून तू विचारलंस तेव्हा मी माफी मागितली. खोटी नव्हती." मी हे आईला शब्दशः सांगितलं. आई बराच वेळ मान हलवत राहिली. मग नोमुरा-सानने मला विचारलं, "पण ते कुणी काढलं होतं, तुम्हाला कळलं का?"

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "मधल्या काही दिवशी मी जिना चढून वर आले तेव्हा दार मोकळं होतं. त्याबद्दल त्यांचे आभार मान. माझ्याकडून. नक्की सांग."

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

मला बाबांचा राग होता. त्या जेवणाचा, त्या ताकभाताचा. "काही नाही," मी म्हणाले. "थंडी वाढली म्हणतायत."

आम्ही तिथे अजून सव्वा वर्ष राहिलो. त्या सव्वा वर्षात बाबा रोज सकाळी बूट घालून, बॅग खांद्याला लावून, दाराला कान देऊन उभे राहायचे. जिन्यात नोमुरा-सानची पावलं असली तर ती खाली विरेपर्यंत थांबायचे आणि मगच कडी काढायचे. कधी कधी त्यांची ट्रेन चुकायची. मी आतल्या खोलीतून, पांघरुणातून, हे पाहायचे. आधी राग होता म्हणून नोमुरा-सानचा तो निरोप दिला नाही. राग गेल्यावर, इतके दिवस का नाही सांगितलंस, असं ते विचारतील म्हणून बोलले नाही. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.